क्यूआर कोड छापून झाला, पण पुढचं कोण बघणार?

हल्ली जाहिरातीच्या कुठल्याही मीटिंगमध्ये शेवटची पाच मिनिटं उरली की कोणीतरी म्हणतंच, "अरे आणि खाली एक क्यूआर कोड टाकून द्या." टाका म्हणजे किती मोठा, कुठे, स्कॅन केल्यावर उघडणार काय, यावर कोणी बोलत नाही. डिझायनर बिचारा कोपऱ्यात उरलेल्या जागेत तो चौकोन बसवतो आणि नंतर "लोक स्कॅनच करत नाहीत हो" असं म्हणत सगळे त्या कोडच्या नावाने खडे फोडतात.

कोड बिचारा दणकट आहे खरं तर. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमने तो बनवला तो गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला, म्हणजे कारखान्यातली धूळ, तेलाचे डाग, सगळं गृहीत धरून. पेटंट घेतलं पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो जगभर पसरला. त्याची सगळ्यात वरची एरर करेक्शन लेव्हल (म्हणजे खराब भाग भरून काढायची ताकद) घेतली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो, आणि मार्केटिंगवाले ह्याच सवलतीवर मधोमध लोगो चिकटवतात. चिकटवा की, पण तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना हात लावू नका, कॅमेरा कोड शोधतो तो त्यांच्यावरूनच. आणि भोवती चार ठिपक्यांएवढी मोकळी जागा लागते, ती "डिझाइनमध्ये रिकामं दिसतंय" म्हणून खाल्ली की संपलं. काळ्यावर पांढरा कोड भारी दिसतो हे मान्य, पण काही स्कॅनर तो वाचतच नाहीत.

अजून एक गोष्ट म्हणजे लिंकची लांबी. कोडची सगळ्यात छोटी जाळी २१ बाय २१ ठिपक्यांची असते, मजकूर वाढत गेला की ती १७७ बाय १७७ पर्यंत जाते, त्यामुळे स्कॅन कुठून आला ते कळावं म्हणून ट्रॅकिंगचं शेपूट लावलेली लांबलचक लिंक टाकली की ठिपके इतके बारीक होतात की लांबून काही दिसत नाही. लिंक छोटी ठेवा आणि कोडचा आकार स्कॅन करायच्या अंतराच्या निदान दहाव्या भागाएवढा ठेवा, पाच मीटरवरून स्कॅन व्हायला हवा तर अर्धा मीटर. ढोबळ हिशोब आहे पण चालतो.

हे झालं छपाईचं. खरा प्रश्न हा की माणसाने खिशातून फोन काढावा कशाला? २०११ मध्ये दक्षिण कोरियात टेस्को ह्या ब्रिटिश कंपनीच्या होमप्लस सुपरमार्केटने मेट्रो स्टेशनच्या भिंतींवर दुकानाच्या शेल्फचे फोटो लावले, प्रत्येक वस्तूखाली कोड, स्कॅन करा आणि सामान घरी येईल. तिथे माणूस उभा आहे, गाडीला वेळ आहे, फोन हातातच आहे आणि स्कॅन केल्यावर काय मिळणार ते समोर दिसतंय. २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या प्रक्षेपणात, कॉइनबेस ह्या क्रिप्टो कंपनीने तर साठ सेकंद काळ्या स्क्रीनवर नुसता रंग बदलत फिरणारा कोड दाखवला आणि एवढे लोक तुटून पडले की त्यांची साइटच थोडा वेळ झोपली. त्यातलं कुतूहल सगळ्यांना दिसतं, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती वेळ. बाकीच्या टीव्ही जाहिरातींत कोड येतो शेवटच्या दोनतीन सेकंदांत, तोवर माणसाला फोन सापडतही नाही. (आणि जे मोबाईलवरच बघायच्या पोस्टमध्ये कोड टाकतात त्यांनी एकदा सांगावं की तो स्कॅन करायचा कुठल्या फोनने.)

पण सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नंतरच्या काळाकडे. कॅम्पेन संपतं, टीम बदलते, एजन्सी बदलते, छापलेला माल मात्र तसाच फिरत राहतो. केचपवाल्या हाइन्झ कंपनीचं २०१५ चं उदाहरण घ्या. जर्मनीत एका ग्राहकाने केचपच्या बाटलीवरचा कोड स्कॅन केला आणि उघडली पॉर्न साइट. झालं असं होतं की तो कोड एका स्पर्धेच्या साइटचा होता, स्पर्धा संपल्यावर कंपनीने ते डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, सोडून दिलं आणि ते दुसऱ्याच कोणी घेतलं, बाटल्या मात्र लोकांच्या घरात होत्याच. कंपनीला माफी मागावी लागली.

डायनॅमिक कोडवाले इथे म्हणतील की आमच्याकडे लिंक नंतरही बदलता येते. बरोबर आहे, कोडमध्ये एक छोटी लिंक असते, ती पुढे पाठवते, त्यामुळे प्रत्येक पोस्टरला वेगळा कोड देऊन कुठून किती स्कॅन आले तेही कळतं. पण ती छोटी लिंक जर दुसऱ्याच्या सर्व्हिसची असेल आणि सबस्क्रिप्शन भरायचं राहिलं तर छापलेले सगळे कोड एका दिवसात मेले. म्हणून ती पुढे पाठवणारी लिंक स्वतःच्या डोमेनवर ठेवा, डोमेनचं रिन्यूअल कोण भरणार त्याचं नाव छपाईला पाठवायच्या आधीच ठरवा आणि ऑफर संपली की तिथे एरर न दाखवता निदान "ऑफर संपली, सध्या हे चालू आहे" एवढं तरी लिहा.

आणि कोडखाली साइटचं नाव साध्या अक्षरांत छापाच. पोस्टरवर दुसऱ्याच कोडचं स्टिकर चिकटवून फसवणारे आता बरेच झालेत, नाव छापलेलं असलं तर फोनवर उघडणारा पत्ता माणूस त्याच्याशी ताडून तरी बघू शकतो. आणि ज्याला स्कॅन करायचंच नाही तो टाइप करून येईल, तोही ग्राहकच आहे की.