३६०० काढला, थ्रीडी बसवला

मे महिन्यात जळगावात ४४-४५ डिग्रीत गेम खेळायचं म्हणजे आधी उकाड्याचा विचार, मग बाकीचं. माझ्या कम्प्युटरचा प्रोसेसर २०१९ चा रायझन ५ ३६००, ६ कोर १२ थ्रेड (म्हणजे ६ काम करणारे भाग, एकावेळी १२ कामं), फक्त ६५ वॅट, खरं सांगतो भो, त्याने कधी दगा दिला नाही. पण गेममधल्या मोठ्या शहरात गाडी जोरात वळवली की चित्र क्षणभर अडकायचं, सेटिंग कमी केली तरी तेच, म्हणजे चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड निवांत आणि प्रोसेसरला धाप लागलेली.

मग रायझन ७ ५८००एक्स-थ्रीडी प्रोसेसर घेतला. ८ कोर आहेतच, पण खरी ताकद कॅशची (पैसे नाही, प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी), ३२ च्या जागी ९६ एमबी एल-थ्री कॅश, गेमला सारखा लागणारा डेटा चिपवरच सापडतो, रॅमकडे पळापळ कमी. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) तोच एएम-फोर, म्हणून बोर्ड-रॅम जुनंच ठेवलं, फक्त आधी बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केला (इन्व्हर्टरवर, लाईटचा काय भरवसा). ते अडकणं गेलं! फोर-के म्हणजे खूप बारीक चित्राच्या स्क्रीनवर खेळणाऱ्यांना मात्र एवढा फरक नाही दिसणार, तिथे सगळा भार कार्डावर.

आणि हा १०५ वॅटचा आहे, चिपचं कमाल तापमान ९० डिग्री, सोबत प्रोसेसर थंड ठेवणारा कूलरही येत नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरला पैसे वाचवूच नका. ३६०० भुसावळच्या आतेभावाला दिला, त्याच्याकडे मस्त चालतोय.