दोराने चढलेला धबधबा आणि ट्यूबवरून उतरलेली नदी: माझा अनुभव

सकाळी दोराच्या आधाराने धबधबा चढायचा आणि दुपारी नदीतून ट्यूबवर बसून खाली यायचे, असा एकदिवसीय कार्यक्रम नाशिकमधल्या गिर्यारोहकांचा एक छोटा गट घेतो, हे माझ्या भाच्याने सांगितले, तेव्हा मी पहिल्यांदा विचारले ते हेच की, लोक धबधब्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी करत असताना हे लोक सप्टेंबरच्या शेवटापर्यंत का थांबतात. याचे उत्तर गटाच्या प्रमुखाने फोनवर दिले आणि त्या उत्तरामुळेच मी नाव नोंदवले. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर तिथून जेमतेम ४५ किलोमीटरवर असलेल्या इगतपुरीत तो ३,००० मिलिमीटरच्या आसपास जातो. शहरात लख्ख ऊन असताना घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस चालू असू शकतो आणि अरुंद घळीतल्या ओढ्याचे पाणी त्यामुळे पाहता पाहता वाढते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर असेच पाणी वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते, ही गोष्ट नाशिककर विसरलेले नाहीत. “पाणी निवळून ओढ्याचा तळ दिसायला लागला की मगच आम्ही तारखा काढतो, आणि काढलेली तारीख सकाळी रद्दही करतो,” असे त्याने सांगितले. पैसे घेण्याआधीच रद्द करण्याची गोष्ट काढणारा आयोजक मला विश्वासाचा वाटला.

त्यानंतर आला तो अर्ज. रक्तदाब, दमा, फिट येणे, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, खांदा निखळण्याचा पूर्वेतिहास, वजन आणि उंची अशी सगळी माहिती त्यात भरायची होती. वजन का हवे, हे मला आधी कळले नाही. हार्नेसचा, म्हणजे दोर जोडण्यासाठी कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचा, आकार आणि दोर धरणाऱ्या माणसाची जोडी त्यावरून ठरते, असा खुलासा झाला. अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू दिले जाणार नाही, अशी अटही होती, कारण पावसाळी पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग जखमेवाटे होऊ शकतो. मला पोहता येत नाही, हे मी स्पष्ट लिहिले होते. त्यावर पुन्हा फोन आला आणि प्रश्न निराळाच विचारला गेला: तोंडावर पाणी आले, क्षणभर श्वास कोंडला, तर तुम्ही घाबरता का? पोहता न येणारा पण शांत राहणारा माणूस लाइफ जॅकेट घालून ट्यूबवर चालतो, पोहणारा पण अंगात वारे भरलेला माणूस चालत नाही, असे त्यांचे मत होते. राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे, म्हणून मी नोंदणीचा कागद, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि एका प्रशिक्षकामागे किती माणसे, याची चौकशी केली. न चिडता उत्तरे मिळाली, आणि कागदाचे छायाचित्र मागण्याआधीच पाठवले गेले.

सामानाच्या यादीत घेण्यापेक्षा न घेण्याच्याच वस्तू जास्त होत्या. जीन्स नको, कारण ती भिजली की जड होते आणि अंग गार पाडते. अंगठ्या, बांगड्या, गळ्यातले नको, कारण दोरात किंवा कातळाच्या फटीत अडकले तर बोट जायबंदी होते. अत्तर किंवा सुगंधी तेल नको, कारण कड्यांना आग्यामोहोळ असते आणि माश्या उग्र वासाने बिथरतात. चष्म्याला मागून नाडी बांधायला सांगितले होते. बूट मात्र घट्ट आणि रबरी तळव्याचेच हवेत, सॅंडल किंवा चपला चालणार नाहीत, हे दोनदा लिहिले होते.

ठरलेल्या रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्यावर एबीबी सर्कलपाशी आम्ही जमलो. वाटेत पोहे आणि केळे मिळेल, मिसळ नाही, अशी घोषणा झाली, तेव्हा गाडीत नाराजीची कुजबुज उठली. नाशिकच्या माणसाला रविवारी सकाळी मिसळ खाऊ नकोस म्हणणे सोपे नाही. परंतु हार्नेसचा पट्टा पोटावर आवळला गेल्यावर त्या सूचनेचे मोल सर्वांना कळले. अंजनेरी मागे टाकून पेगलवाडी फाट्यावरून आम्ही घोटीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भात पोटरीवर आलेला, बांधांवर सोनकी आणि तेरडा. ज्या पाड्यापाशी उतरलो त्याचे आणि ओढ्याचे नाव मी येथे देत नाही; मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून येणाऱ्या गर्दीने आधीच्या वर्षी खाचरे तुडवली होती आणि नाव पसरवू नका, अशी विनंती गावकऱ्यांनी आम्हाला केली होती. गावाच्या समितीची पावती फाडून झाली आणि पाड्यातलाच एक तरुण वाटाड्या म्हणून पुढे झाला.

धबधब्यापाशी पोहोचल्यावर लगेच चढायला मिळेल, ही अपेक्षा फोल ठरली. प्रमुखाने पाण्याच्या काठाशी खूण केलेली एक काठी रोवली आणि आम्हा सर्वांना बसवून ठेवले. दरम्यान एक जण वायरलेस संच घेऊन ओढ्याच्या वरच्या अंगाला, मोरीपर्यंत गेला, कारण तिथे मोबाइलला रेंज नव्हती आणि वर पाऊस सुरू झाल्याची खबर खाली पाण्याच्या आधी पोहोचायला हवी होती. पाणी वाढण्याच्या खुणा आम्हाला शिकवल्या गेल्या: निवळ पाणी एकाएकी गढूळ होते, पाला आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आणि धारेचा आवाज जड होतो. यांतले काहीही दिसले तर सामान सोडून काठाच्या वर चढायचे, फोटो काढत थांबायचे नाही. काठीवरची खूण बराच वेळ हलली नाही, तेव्हाच हार्नेस बाहेर निघाले. त्या बसण्याला कंटाळलेली मंडळी होती, पण मला तो वेळ वाया गेला असे वाटले नाही.

धबधबा तीन टप्प्यांचा होता आणि तो तसा का असतो, हे चढताना हातांना समजत गेले. सह्याद्रीचा हा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि गुळगुळीत असतो, तर माथ्याचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो. मऊ भाग पाणी लवकर खाते, घट्ट भाग उभा राहतो आणि पायऱ्या तयार होतात. सच्छिद्र पट्ट्यात बोटे रुतवायला भरपूर भोके सापडतात, क्वचित त्यांत पांढरे स्फटिकही दिसतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड पाहिलेल्या खनिजांचीच ही गरीब भावंडे असावीत. घट्ट पट्ट्यात मात्र धरायला काही मिळत नाही आणि त्यावर शेवाळ असेल तर बुटाचा तळवा नुसता सरकतो.

पहिला टप्पा बांधलेल्या दोराला हात देत चालण्याइतका सोपा होता. दुसऱ्यावर प्रत्येकाच्या हार्नेसला दोर जोडला गेला. वर दोर एका ठिकाणी नव्हे, तर एका जुन्या झाडाला आणि कातळात ठोकलेल्या बोल्टला, अशा दोन स्वतंत्र जागी बांधलेला होता, म्हणजे एक जागा निसटली तरी दुसरी भार घेईल. ओला झाल्यावर नायलॉनचा दोर जड होतो आणि त्याची ताकद काहीशी कमी होते, म्हणून जिथे तो कातळाच्या धारेवर घासत होता तिथे खाली जाड कापडाची पट्टी घातली होती. कॅराबिनरचा, म्हणजे दोर हार्नेसला जोडणाऱ्या धातूच्या कडीचा, स्क्रू आवळला आहे का, हे एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने हाताने दाबून पुन्हा पाहायचे, हा क्रम त्यांनी शेवटच्या माणसापर्यंत मोडला नाही. धारेच्या आवाजात वरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, त्यामुळे शिट्टीच्या खुणा ठरल्या होत्या: एक म्हणजे थांबा, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली.

धारेखाली शिरल्यावर पहिला धक्का थंडीचा बसतो आणि दुसरा श्वासाचा. वर पाहावेसे वाटते, पण वर पाहिले की पाणी थेट नाकातोंडात जाते. हनुवटी छातीशी टेकवली की हेल्मेटच्या कडेवरून पाणी पुढे पडते आणि तोंडापुढे श्वास घेण्यापुरती मोकळी जागा राहते; ही युक्ती खाली कोरड्यावर शिकवली होती, तिथे ती क्षुल्लक वाटली होती. “ताई, दोराला नाही, कातळाला धरा,” असे खालून वाटाड्या ओरडत होता, आणि त्याचे म्हणणे खरे होते. दोर पडू नये म्हणून असतो, चढण्यासाठी नव्हे. दोर ओढून चढणाऱ्याचे हात निम्म्यात भरून येतात. पाय आधी, मग हात, आणि तीन ठिकाणी आधार असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही, अशा रीतीने मी चढत गेले. घट्ट पट्ट्यावर एकदा पाय सुटला, दोर ताणला गेला आणि मी हातभरही खाली न जाता जागच्या जागी लोंबकळले. वरून एक शिट्टी झाली, मी पाय पुन्हा लावले, मग दोन शिट्ट्या झाल्या. एवढ्या साध्या देवघेवीत किती धीर असतो, हे लोंबकळल्याशिवाय कळत नाही.

तिसरा टप्पा ऐच्छिक होता. तो सरळसोट होता आणि धार थेट वाटेवर पडत होती. माझ्या दंडांत ताकद उरली नव्हती, म्हणून मी बाजूच्या पायवाटेने माथ्यावर गेले. “मावशी, एवढे आलीस आणि हे सोडतेस?” असे भाचा म्हणाला खरा, पण प्रमुखाने त्याला तिथेच गप्प केले, नको म्हणणाऱ्याला आग्रह करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. भाचा तो टप्पा चढला आणि वर आल्यावर बराच वेळ त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

पाड्यातल्या एका घरी तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि आमटी जेवलो, आणि तासभर विश्रांती घेऊन नदीवर गेलो.

नदीचा निवडलेला भाग साधारण दोन किलोमीटरांचा असावा. ट्यूब ट्रकच्या टायरच्याच होत्या, परंतु हवा भरण्याची लांब नळी चिकटपट्टीने आडवी बांधून टाकली होती, कारण मोकळी राहिली तर ती पाठ सोलून काढते. तळाशी जाळे आणि कडेला धरायला पट्टे लावले होते. ट्यूबला स्वतःला बांधून घ्यायचे नाही, हा नियम ऐकून मला नवल वाटले. न पोहणाऱ्याला उलट बांधूनच घ्यावेसे वाटते. पण उलटलेली ट्यूब दगडात अडकली तर बांधलेला माणूस पाण्याखाली राहतो, सुटलेला माणूस मात्र लाइफ जॅकेटमुळे वर येतो, हे कारण पटण्याजोगे होते. जॅकेटचे पट्टे आवळल्यावर प्रशिक्षकाने प्रत्येकाला खांद्याला धरून वर उचलून पाहिले. जॅकेट कानांपर्यंत सरकले तर पट्टे पुन्हा आवळले.

पडल्यावर काय करायचे, याचा सराव संथ डोहात करून घेतला. उताणे व्हायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटे पाण्याबाहेर, आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. दगडांच्या सांदीत पाऊल अडकले की मागचे पाणी माणसाला पुढे लोटते आणि गुडघा-मांडीभर पाण्यातही तोंड बुडते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे शाळेत शिकलेले गणित इथे पायांना शिकायला मिळाले. सर्वांत पुढे कयाकमध्ये, म्हणजे छोट्या अरुंद होडीत, एक जण, सर्वांत मागे दुसरा, आणि खळाळाच्या प्रत्येक वळणावर काठावर पडलेल्याकडे फेकायच्या दोराची थैली घेऊन एक जण उभा, अशी रचना होती.

प्रत्यक्ष प्रवास संथ आणि खळाळता असा आळीपाळीने होता. संथ भागात हाताने वल्हवावे लागते आणि तिथे ट्यूब फार गोल गोल फिरते, खळाळात शिरताना पुढून “कंबर वर!” अशी हाक यायची आणि आम्ही ट्यूबच्या कडांवर जोर देऊन अंग उचलायचो, तरीही एखादा गोटा माकडहाडाला लागायचाच. एका वळणावर पुरात वाहून आलेली बांबूची जाळी पाण्यात आडवी पडली होती. तिच्यातून पाणी जाते, माणूस जात नाही. म्हणून ती दिसण्याच्या बऱ्याच आधी आम्हाला काठाला घेतले आणि ट्यूब खांद्यावर टाकून तेवढा भाग चालवले. मला भीती वाटली ती तिथे, काठावर उभे राहून, जाळीत अडकलेला पाला थरथरताना पाहून.

उतरण्याची जागा कोल्हापुरी बंधाऱ्याच्या बरीच अलीकडे होती. भाच्याला बंधाऱ्यापर्यंत जायचे होते, कारण तिथले पाणी दिसायला अगदी शांत होते. असा बुटका बंधारा धबधब्यापेक्षा घातक असतो, असे प्रमुखाने समजावले: वरून पडणारे पाणी पायथ्याशी गोल फिरून पुन्हा भिंतीकडे येते आणि त्यात सापडलेली वस्तू, मग ती ओंडका असो वा जॅकेट घातलेला माणूस, तिथेच घुसळत राहते. काठावर आल्यावर यादीतली नावे मोठ्याने वाचली गेली, प्रत्येकाने हजेरी दिली आणि त्यानंतरच मोरीवरच्या माणसाला वायरलेसवरून निघायला सांगितले गेले.

दुसऱ्या दिवशी माझे दंड वर उचलत नव्हते आणि माकडहाड दुखत होते. माणशी दोन हजारांच्या आत झालेला खर्च मला रास्त वाटला. ज्यांना दोन्हींपैकी एकच जमणार असेल त्यांनी चढाई निवडावी, असे माझे मत आहे, कारण ट्यूबिंगची मजा पाण्याच्या पातळीवर फार अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या मध्यानंतर नदीचे पाणी इतके उतरते की ट्यूब गोट्यांवर टेकत जाते, म्हणून हा गट त्यानंतर नदीचा भाग वगळतो आणि चढाईच्या तारखा तेवढ्या आणखी काही दिवस चालू ठेवतो.