डस्टरचा टायमिंग बेल्ट बदलला: सामान किती, मजुरी किती, वेळ किती

आमची रेनो डस्टर २०१४ची, ८५ पीएसची डिझेल. सेकंडहँड घेतलेली. किलोमीटर नव्वद हजारांच्या आसपास. गाडी साताऱ्यात असते, अधूनमधून पुणे आणि सुट्टीत कोकण एवढाच वापर. चालायला झकास. आवाज नाही, धूर नाही, पिकअप जसाच्या तसा. पण आधीच्या मालकाने दिलेल्या सर्व्हिसच्या कागदांत टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच सापडली नाही. म्हणजे कंपनीतून आला तोच बेल्ट असणार असं धरलं आणि बदलायचं ठरवलं. या बेल्टची मुदत किलोमीटर किंवा वर्षं, यातलं जे आधी भरेल ते, अशी असते. कमी चाललेल्या गाडीत वर्षं आधी भरतात आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं.

हा बेल्ट काय करतो हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा खर्च त्यावर अवलंबून आहे. खाली क्रँक फिरतो, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा. वर कॅम फिरतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. हे गणित दातेरी रबरी बेल्ट सांभाळतो. डस्टरच्या १.५ डिझेल इंजिनात हाच बेल्ट डिझेलचा हाय प्रेशर पंपही फिरवतो आणि वॉटर पंपही. बेल्ट तुटला किंवा त्याचे दात सरकले की व्हॉल्व्ह उघडे असतानाच पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आपटतो. या इंजिनाला ८ व्हॉल्व्ह आहेत. ते वाकले की हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं, म्हणजे पन्नास हजारांच्या पुढचं काम. आणि तुटण्याआधी बेल्ट कसलीही सूचना देईलच असं नाही. सकाळी गाडी सुरू करताना जी किरकिर ऐकू येते ती बहुतेक वेळा बाहेरच्या बेल्टची, अल्टरनेटर आणि एसीवाल्या. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत गप्प असतो.

डस्टर डिझेल २०२० मध्ये बीएस ६ हे धुराचे नवे नियम आल्यावर बंद झाली. त्यामुळे सामान मिळेल का, ही माझी पहिली काळजी होती. ती लगेच मिटली. हेच इंजिन निसानच्या टेरानोत आहे, सनी आणि मायक्रा डिझेलमध्ये आहे आणि महिंद्राच्या व्हेरिटोतही आहे. व्हेरिटो टॅक्सीत भरपूर चालली. म्हणून या इंजिनाचं सामानही मिळतं आणि त्यावर हात बसलेले मिस्त्रीही सापडतात. टेरानो किंवा व्हेरिटोवाल्यांना खालचं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

मग भाव काढले. अधिकृत सर्व्हिस सेंटरने बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप, बाहेरचा बेल्ट आणि कूलंट धरून साधारण २२ हजारांचं एस्टिमेट दिलं. त्यात मजुरी ६,५००, वर १८ टक्के जीएसटी. मी ॲडव्हायझरना विचारलं, ही मजुरी किती तासांची? त्यांनी सरळ सांगितलं, पाच तासांची. अशा ठिकाणी प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात आणि तासाचा दर असतो. माणसाने काम चार तासांत उरकलं तरी बिल पाचाचंच आणि सात लागले तरी पाचाचंच. मला ही पद्धत पटते, कारण आकडा आधी कळतो. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये फोनवरच साडेआठ हजार म्हणाले. ऐकायला फार बरं वाटलं. पण खोदून विचारल्यावर कळलं की त्यात फक्त बेल्ट आणि टेन्शनर होता. वॉटर पंप नाही, कूलंट नाही, बाहेरचा बेल्ट नाही.

इथेच लोक फसतात असं मला वाटतं. नुसता बेल्ट दोन-अडीच हजारांत येतो. पैसे जातात ते त्याच्यापर्यंत पोहोचायला. बाथरूमची फरशी फोडून आतला पाइप बदलायचा तर आपण सोबतचा जुना वॉल्व्ह तसाच ठेवून फरशी बसवत नाही, तसंच हे. आज वॉटर पंपाचे दोन-तीन हजार वाचवले आणि वर्षभराने तो गळायला लागला तर पुन्हा तेवढीच मजुरी, पुन्हा कूलंट. शिवाय कूलंटने भिजलेला बेल्ट परत लावता येत नाही, म्हणजे बेल्टही नवा. टेन्शनरचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टसुद्धा तुटतो.

शेवटी काम दिलं ते व्हेरिटो टॅक्स्या करणाऱ्या एका मिस्त्रींना. त्यांची मजुरी ४,०००, सगळं धरून. सामान मी आणायचं. ते मी पुण्यात नाना पेठेतून आणलं. बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच बॉक्समध्ये असलेला किट घेतला. चासी नंबर देऊन पार्ट जुळवून घेतला आणि बॉक्स दुकानातच उघडून बघितला. फोनवर मिस्त्रींना विचारलं, अजून काय लागेल? म्हणाले, "क्रँकचं ऑइल सील आणा दादा, आणि पुलीचा बोल्ट नवा आणा. जुना परत आवळायचा नाही." हे ऐकूनच त्यांच्यावर विश्वास बसला. सील गळत असेल तर ऑइल बेल्टवर येतं आणि ऑइलने रबर खराब होतं. ४५० रुपयांची वस्तू, पण नंतर बदलायची तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

काम सकाळी साडेनऊला सुरू झालं. मी तिथेच थांबलो. बॅटरीची वायर काढली, पुढचं उजवं चाक काढलं, मडगार्डच्या आतलं प्लास्टिक काढलं. मग इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला, कारण उजव्या बाजूचं माउंटिंग सोडल्याशिवाय बेल्टचं कव्हर निघत नाही. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो क्रँक पुलीच्या बोल्टने. पाना लावून, पानाला पाइप लावून, पोऱ्याला ब्रेकवर बसवून तो एकदाचा हलला. आत बेल्ट दिसेपर्यंत साडेअकरा वाजले होते. म्हणजे सव्वापाच-साडेपाच तासांच्या कामातले दोन तास नुसते पोहोचायला गेले.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. बरेच ठिकाणी जुन्या बेल्टवर आणि पुलीवर व्हाइटनरने खुणा करतात आणि त्या बघून नवा बेल्ट चढवतात. एक दात इकडेतिकडे झाला की संपलं. या मिस्त्रींकडे पिना होत्या. एक ब्लॉकमध्ये बाजूने जाते आणि क्रँकला अडवते, दुसरी कॅमच्या पुलीच्या भोकातून हेडमध्ये. दोन्ही बसल्याशिवाय त्यांनी बेल्टला हात लावला नाही. तुम्ही ज्या गॅरेजला काम द्याल तिथे भावाच्या आधी हे विचारा: पिना आहेत का, आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आहे का?

जुना बेल्ट हातात घेतला तर दात शाबूत होते, पण पाठीवर बारीक भेगा. टेन्शनर बोटाने फिरवला तर खरखर येत होती. वॉटर पंपाच्या अंगावर कूलंट वाळल्याचा पांढरट डाग होता, म्हणजे त्याचीही सुरुवात झालेली. नवं सगळं बसवल्यावर मिस्त्रींनी पिना काढल्या आणि पान्याने इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं. मग पिना परत टाकून बघितल्या. दोन्ही सुळकन आत गेल्या. टेन्शनरचा काटाही खुणेवर होता. त्यानंतरच कव्हर बंद केलं.

बाहेरचा बेल्टही बदललाच. या इंजिनात तो झिजून त्याचे धागे सुटले तर ते क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये ओढले जातात आणि आतला चांगला बेल्ट उतरवतात. नंतर कूलंट भरून, हीटर पूर्ण उघडून एअर काढली. जेवणाची सुट्टी धरून चारच्या सुमारास गाडी चाकांवर आली. ट्रायलला यवतेश्वर घाट चढून आलो. टेंपरेचरचा काटा जागचा हलला नाही.

हिशोब असा झाला: किट पंपासकट ८,२००, बाहेरचा बेल्ट त्याच्या टेन्शनरसकट २,४००, कूलंट १,३००, सील ४५०, बोल्ट २५० आणि मजुरी ४,०००. एकूण १६,६००. सर्व्हिस सेंटरपेक्षा पाचेक हजार कमी. तिथे कामाचं पक्कं बिल मिळतं आणि गाडी विकताना ते उपयोगी पडतं, त्यामुळे ज्याला उभं राहायला वेळ नाही त्याने तिथेच करावं असं माझं मत आहे. तिथेही एस्टिमेटमध्ये पंप आणि दोन्ही टेन्शनर धरलेत का, हे ओळ न् ओळ वाचून बघा.

मी दुकानाची पावती आणि मिस्त्रींच्या सहीचा कागद सर्व्हिस बुकात लावून ठेवलाय. बॉनेटच्या आत तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर आहे. पहिला आठवडा रोज सकाळी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी बघत होतो. एअर सुटल्यामुळे एकदा थोडं उतरलं, तेवढं भरलं. पुढचा बेल्ट पाच वर्षांनी बदलणार, किलोमीटर कितीही झालेले असोत.