गोगलगायीचे दात

मागच्या पावसाळ्यात माझ्या दाढेचं रूट कॅनाल चालू होतं, कॉलेज रोडला चार चकरा झाल्या, त्यातल्या तिसऱ्या चकरेला कळलं की आधी भलत्याच दाढेचा एक्सरे काढला होता. असो. तर अर्धं तोंड बधीर घेऊन घरी आलो आणि गॅलरीत बसलो, बघतो तर दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूच्या रोपांचे नुसते दांडे उरलेले आणि कुंडीच्या कडेला ही बया, मुठीएवढी, शंख घेऊन निवांत.

मी मीठ आणायला उठलो तर भाची म्हणाली, मामा थांब, आधी हिचे दात बघ. ती एमएस्सी झूलॉजी करते, त्यामुळे घरात कशालाच सरळ मारता येत नाही.

तिने हातमोजे घातले, लोणच्याची रिकामी बरणी घेतली, आतून काचेला कणकेची पातळ पेस्ट फासली आणि गोगलगाय आत सोडली. आम्ही बाहेरून बघत बसलो. दहा मिनिटं काहीच नाही. मग काजासारखं बारीक तोंड उघडलं, आतून जीभेसारखं काहीतरी आलं, काचेवरून खालून वर फिरलं आणि आत गेलं, परत आलं, परत गेलं आणि मागे काचेवर स्वच्छ पट्टा. अगदी किसणी! शास्त्रात तिला रॅड्युला म्हणतात, एक लवचिक पट्टी, तिच्यावर दातांच्या रांगाच रांगा, एकूण हजारो दात. पुढचे झिजून पडतात तसे मागून नवीन सरकत येतात, काही आठवड्यांत अख्खी किसणी नवी. इथे मी एका दाढेसाठी किती मोजले ते सांगत नाही.

तर हे दात बघून गोगलगायींची घराणी लावायची पद्धत जुनी आहे. नुसत्या शंखावर भरवसा ठेवता येत नाही, दूरच्या दोघींचे शंखही सारखे निघू शकतात. ट्रोशेल नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १८५६ पासून नुसत्या गोगलगायींच्या दातांवर ग्रंथ काढायला घेतला, तो त्याच्या हयातीत काही पुरा झाला नाही, १८९३ ला दुसऱ्याने संपवला. तोंडाचा भाग कॉस्टिकमध्ये टाकायचा, मांस विरघळतं, किसणी उरते, ती काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली रांगेतले दात मोजायचे. शंखाला झाकण असणाऱ्या ज्या जमिनीवरच्या गोगलगायी आपल्या सह्याद्रीत आहेत त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना रांगेत फक्त सात दात, मधे एक आणि दोन्हीकडे तीन तीन. आमच्या बरणीतलीला मात्र एकेका रांगेत डझनावारी. आणि काही गोगलगायी चक्क दुसऱ्या गोगलगायी खातात, त्यांचे दात लांब, सुरीसारखे.

मी म्हटलं, मग सोपंय की, सुऱ्या दिसल्या की ते एक घराणं.

"नाही ना मामा," ती म्हणाली, "तिथेच तर सगळे फसले." मांस खायला लागलं की वेगवेगळ्या घराण्यांत आपापले तसे दात तयार होतात, कुठे आशियात, कुठे अमेरिकेत, एकमेकींशी नातं लांबचं. आता डीएनए बघतात तेव्हा दातांवरून लावलेली कितीतरी नाती मोडतात. मला ते लगेच पटलं. पंचवटीतल्या पानटपरीवर उभ्या असलेल्या दोघांचे दात सारखेच लाल असतात, म्हणून ते काही सख्खे भाऊ होत नाहीत. दात बघून कोण काय खातो ते कळतं, कोणाच्या घरचा ते नाही.

बरणीतल्या बाईंचं घराणं मात्र पक्कं ठाऊक आहे. शंखी गोगलगाय, मूळ पूर्व आफ्रिकेची, १८४७ ला बेन्सन नावाच्या इंग्रजाने मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या बागेत सोडली, आणि २०२२ ला लातूरकडे हिनेच सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. तिकडे शेतकरी रात्री गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर टाकतात, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी गोळा करतात.

तासाभरात काच लख्ख झाली. भाची म्हणाली हिला कॉलेजात नेते, मी म्हटलं ने बाई, पण झाकण घट्ट लाव. झेंडू त्या दसऱ्याला बाजारातूनच आणला.