मग पोर्शन कधी पूर्ण होतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बाई, वर्गात नाटक घेता, मग पोर्शन कधी पूर्ण होतो?" पालकसभेत हा प्रश्न येतो, शिक्षण परिषदेत येतो, परवा एसटीत शेजारी बसलेल्या ताईंनीही तोच विचारला. पोर्शन त्या नाटकातच पूर्ण होतो. पण विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे स्नेहसंमेलन असतं: पाठांतर, भाड्याचे कपडे, माइकपुढे अडखळणारं पोर. मी म्हणते ते नाटक वेगळं. त्याला प्रेक्षक नसतात.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामसभा येते. वाचून शिकवली तर दोन तासिका, मला तीन लागतात. बाकं भिंतीला सारायची, सतरंजी अंथरायची. मी सरपंच, बाकीचा वर्ग गावचे मतदार. विषय एकच: वरच्या आळीला पाणी येत नाही.

एका वर्षी मी सभेला सुरुवात केली, तोच मागून एकीने विचारलं, "कोरम झालाय का?" कोरम म्हणजे सभेला किमान हजर असावी लागणारी माणसं: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. आमच्या खोट्या गावात ८४० मतदार. लगेच गणिताची वही निघाली. पंधरा टक्के म्हणजे १२६, म्हणून १०० पुरेत. हजर आम्ही सत्तावीस. सभा तहकूब! दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, की तहकूब झालेल्या सभेला कोरम लागत नाही. वर्ग चिडलाच. "म्हणजे जे आलेच नाहीत त्यांच्या पाण्याचं आम्ही ठरवायचं?" कुठल्या स्वाध्यायात हा प्रश्न नाही, पण ग्रामसभा कळलेल्या माणसालाच तो पडतो.

ग्रामसेवक मी मुद्दाम अशा मुलाला केलं होतं, ज्याचा निबंध चार ओळींच्या पुढे जात नसे. प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं काम त्याच्याकडे. त्याने लिहिलं, "वरच्या आळीस पाणी सोडावे." वरच्या आळीतली एक बाई, वय वर्षं अकरा, वहीत डोकावून म्हणाली, "किती वाजता ते लिही, नाहीतर रात्री दोनला सोडतील." त्याने खोडलं आणि "सकाळी सहा ते सात" घातलं. मग दुसरा म्हणाला, "कधी? एकच दिवस?" तेव्हा ओळीवर काकपद देऊन त्याने बारीक अक्षरात "रोज" लिहिलं. खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. एका वाक्यासाठी दोनदा खाडाखोड करणारा हा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता. निबंध माझ्यासाठी लिहायचा असतो. हे त्याला वरच्या आळीसाठी लिहायचं होतं.

इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट (१९२६–२०११) याच वाटेने गेल्या. चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेली ही बाई पुढे शिक्षकांची शिक्षक झाली. शिक्षकाने स्वतः भूमिका घेऊन नाटकात उतरावं आणि मुलांवर जाणत्या माणसांचं काम सोपवावं, हे त्यांचं म्हणणं. पण नाटक आणि शिक्षण ही सांगड आपल्याला परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. जोश्याने नागवलेलं शेतकरी जोडपं शेवटी रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतं. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं. माझ्या मते शिक्षकांच्या प्रशिक्षणात ते वाचलंच पाहिजे.

आता माझ्याकडून झालेली एक चूक. ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. आठवीला चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना मी काही मुलांना अडवणारे केलं, काहींना अडवलेले. पाच मिनिटांत वर्गाचा आवाज बदलला. अडवणारी पोरं रंगात आली. आणि ज्याने हा इतिहास घरी आजोबांच्या तोंडून ऐकला होता, तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिथेच थांबवलं. चूक माझी आहे, हे सगळ्या वर्गासमोर सांगितलं. त्याच्या घरीही जाऊन आले. तेव्हापासून अपमानाचा प्रसंग मी कुठल्याही पोराच्या अंगावर घालत नाही.

आता तो पाठ असा घेते. वर्ग म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं तपासायला बसलेली माणसं. पुढ्यात तीन चिठ्ठ्या, उलटसुलट ठेवलेल्या. एक १९२३ ची: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा मुंबईच्या कायदेमंडळात तिथले सदस्य सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर. दुसरी १९२४ ची: त्याला धरून महाड नगरपालिकेचा ठराव. तिसरी २० मार्च १९२७ ची: बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले, पाठोपाठ हजारो माणसं. चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या आणि मधल्या वर्षांत तळ्यावर काय चाललं असेल ते शोधायचं.

यंदा आमचा ग्रामसेवक आठवीत आहे. तो बराच वेळ दुसऱ्या चिठ्ठीकडे बघत होता. मग म्हणाला, "बाई, ठराव झाला होता ना? मग तो पाळायचं काम कुणाच्या नावावर लिहिलं होतं?"

घंटा झाली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथूनच सुरुवात केली.