विगल नाही, मग काय? एक्स्प्रेशनमधली फंक्शन्स शोधण्याचा माझा अनुभव

आफ्टर इफेक्ट्समधून हूडिनी आणि न्यूक या इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअर्सकडे वळल्यावर सगळ्यात आधी मी विगल शोधलं, म्हणजे एखादी किंमत आपोआप थरथरती ठेवणारं आफ्टर इफेक्ट्समधलं फंक्शन. दोन्हीकडे त्या नावाचं फंक्शन नाही. मग आहे तरी काय काय, हे बघायला लागले आणि तिथून खरी शिकवणी सुरू झाली.

आफ्टर इफेक्ट्समध्ये हा शोध सोपा असतो. ऑल्ट दाबून प्रॉपर्टीच्या स्टॉपवॉचवर क्लिक केलं की एक्स्प्रेशनची, म्हणजे तिची किंमत ठरवणाऱ्या छोट्या सूत्राची, चौकट उघडते. शेजारच्या बाणाच्या बटणाखाली फंक्शन्स गटवार लावलेली असतात: रँडम नंबर्स, इंटरपोलेशन, लेअर, कॅमेरा. नाव निवडलं की ते कंसासकट चौकटीत येऊन बसतं.

हूडिनीत माझ्या कामी आलं ते टेक्स्टपोर्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी. विंडोज मेनूतून एचस्क्रिप्टचं (हूडिनीच्या स्वतःच्या स्क्रिप्ट भाषेचं) टेक्स्टपोर्ट उघडायचं आणि नुसतं एक्सहेल्प टाइप करायचं, की एक्स्प्रेशन फंक्शन्सची अख्खी यादी समोर येते. एक्सहेल्पपुढे एखाद्या फंक्शनचं नाव लिहिलं तर ते कंसात काय मागतं आणि काय परत देतं, तेही कळतं. सुरुवातीला मी ही यादी नुसती वाचून काढली. कंटाळवाणं वाटेल, पण फिट (आकडा एका पट्ट्यातून दुसऱ्यात नेणारं), क्लॅम्प (आकडा मर्यादेत ठेवणारं), रँड (रँडम आकडा देणारं) ही रोजची मंडळी मला तिथेच भेटली.

यादी मिळाली तरी एक प्रश्न उरतोच: समोरच्या चौकटीला कोणती भाषा कळते? हूडिनीच्या पॅरामीटरमध्ये एचस्क्रिप्ट चालतं किंवा पायथन, आणि रँगल नोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या नोडमध्ये, व्हेक्स ही हूडिनीची दुसरी भाषा. नावं पुष्कळदा सारखीच, वागणं मात्र वेगळं. मला एक टांगलेला दिवा झुलवायचा होता, सेकंदाला एक झोका. एचस्क्रिप्टमधलं साइन अंश घेतं, म्हणून पॅरामीटरमध्ये डॉलर-टीला (सेकंदांतली वेळ) ३६० ने गुणून त्याचा साइन घ्यायचा आणि झोका जितक्या अंशांचा हवा तितक्याने गुणायचं. व्हेक्समधलं साइन रेडियन घेतं. तिथे अ‍ॅट-टाइमला (तीच वेळ, व्हेक्सच्या नावाने) ६.२८३२ ने, म्हणजे रेडियनमधल्या एका पूर्ण फेरीने, गुणावं लागतं. एकातलं गणित दुसऱ्यात जसंच्या तसं चिकटवलं तर एररही येत नाही. दिवा भलत्याच वेगाने हलतो, एवढंच. त्यामुळे फंक्शनच्या नावाइतकंच ते कोणत्या एककात बोलतं हे वाचणं मला महत्त्वाचं वाटतं. न्यूकचं साइनसुद्धा रेडियनमध्येच आहे.

आता विगलकडे. न्यूकमध्ये नॉब (किंमत भरायची जागा) सिलेक्ट करून बरोबरचं चिन्ह (=) दाबलं की एक्स्प्रेशनची खिडकी उघडते. त्यात नॉइज वापरता येतं, पण कंसात नुसतं फ्रेम लिहिलं तर प्रत्येक फ्रेमला उत्तर शून्य. कारण हे पर्लिन नॉइज, म्हणजे हळूवार बदलत जाणाऱ्या रँडम आकड्यांची पद्धत, आहे आणि पूर्णांकांवर त्याची किंमत शून्यच येते. फ्रेमला ०.१३ सारख्या अपूर्णांकाने गुणलं की थरथर दिसू लागते. मॅन्युअलमधल्या फंक्शन्सच्या तक्त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. तक्ता वरवर चाळणाऱ्याच्या नजरेतून ती ओळ निसटते.

रँडमचीही अशीच बाब. हूडिनीत रँडला तोच सीड (ज्यावरून रँडम आकडा काढला जातो तो आकडा) दिला की तोच आकडा मिळतो, ० ते १ च्या दरम्यान. वेगवेगळ्या फ्रेम वेगवेगळ्या मशीनवर रेंडर होतात तेव्हा या गुणावरच सगळी भिस्त असते. आफ्टर इफेक्ट्सचं रँडम दर फ्रेमला बदलतं. ते स्थिर ठेवायचं तर आधी सीडरँडम लिहून त्याचा दुसरा पर्याय ट्रू करावा लागतो.

हळूहळू मी नाव शोधणं सोडून काम शोधायला लागले. ‘एका पट्ट्यातला आकडा दुसऱ्या पट्ट्यात न्यायचा आहे’ असं आधी स्वतःला सांगायचं, मग यादीत बघायचं. हूडिनीत या कामाला फिट आहे, आफ्टर इफेक्ट्समध्ये लिनिअर. दोघांच्या कंसातला क्रमही सारखा: आकडा, जुनी किमान, जुनी कमाल, नवी किमान, नवी कमाल. दोन्ही ठरलेल्या पट्ट्याबाहेर जात नाहीत. न्यूकमध्ये लर्पवर, म्हणजे दोन किमतींच्या मधली किंमत काढणाऱ्या फंक्शनवर, काम भागवता येतं, पण ते स्वतःहून थांबत नाही; बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर सोबत क्लॅम्प हवं.

व्हेक्सची यादी मात्र एक्सहेल्पमध्ये मिळत नाही. ती हूडिनीच्या कमांड लाइनवरून निघते. व्हीसीसी या कंपायलरला मोठ्या एक्सचा पर्याय आणि पुढे सीव्हेक्स (रँगल वापरतं तो व्हेक्सचा प्रकार) दिलं की रँगलमध्ये चालणारी सगळी फंक्शन्स, कोणता डेटा टाइप घेतात आणि कोणता देतात यासकट, छापून येतात. मी ती एका टेक्स्ट फाइलमध्ये काढून ठेवली आहे. हूडिनीची आवृत्ती बदलली की नवी फाइल काढते आणि जुनीशी ताडून बघते. नवीन काय आलं ते लगेच दिसतं.