आमची वाटचाल : तेरा मायक्रॉन आणि एक सही

आमचं काम शाफ्टचं, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या पोलादी दांड्यांचं. टर्निंग, की-वेची खाच, मग इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलने तापवून पृष्ठभाग कडक करणं) बाहेरून करून घ्यायचं, शेवटी ग्राइंडिंग. सुरुवात सेकंडहँड लेथवर केली, पण मायक्रोमीटर नवाकोरा घेतला, आणि स्लिप गेजचा, म्हणजे अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांचा, संच त्याच्याही आधी. लोक हसले. मशीनला पैसे नाहीत आणि हा ठोकळे घेऊन बसलाय! स्वीडनच्या योहान्सननी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेली ही कल्पना. स्वच्छ पुसून एकमेकांवर सरकवले की ते ठोकळे चिकटतात, उचलले तरी सुटत नाहीत. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने केलंय, त्याला नंतर अंदाजाने साइज सांगायची लाज वाटते.

तपासणीला काका होते, अगदी पहिल्यापासूनचे. २५ मिलिमीटर व्यास, मापातली सूट एच-सिक्स. वर शून्य, खाली तेरा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेरा हजारांश. कूलंट बारीक सुटलं आणि जॉब पंधरा अंशांनी गरम उतरला, तर चार मायक्रॉन तिथेच फुगलेले. गरम असताना ओके, गार झाल्यावर अंडरसाइज. मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस. आयएसओने १९५१ साली काढलेली पहिलीच शिफारस याच विषयावर होती. काकांनी तो कागद कधी पाहिला नसेल, पण जॉब आणि मास्टर (तुलनेचा प्रमाण तुकडा) सरफेस प्लेटवर शेजारी-शेजारी ठेवून ते दोन्ही एका तापमानाला येईपर्यंत हात लावायचे नाहीत. पीसरेटवरची, म्हणजे नगावर पैसे मिळणारी, पोरं चरफडायची. काका चष्मा पुसत बसायचे.

आणि रीडिंग येईल तसं लिहायचे. खरा रिपोर्ट दिसायला ओबडधोबडच असतो : उणे चार, उणे नऊ, उणे सहा, उणे अकरा. टेबलावर बसून भरलेला रिपोर्ट मी दुरून ओळखतो. सगळी रीडिंग मधोमध, शेवटी शून्य नाहीतर पाच, एकाच पेनने, एका दमात.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आमचं निम्म्याहून जास्त काम एका मोठ्या कंपनीचं होतं. एका गिऱ्हाइकावर एवढं अवलंबून राहू नये हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सगळेच राहतात. त्यांच्या खरेदी विभागातल्या साहेबांनी एक दिवस दुसऱ्या वर्कशॉपचं कोटेशन समोर ठेवलं. आमच्या कच्च्या मालाच्या खर्चाहून थोडाच वर असा दर. मी कोटेशन खाली ठेवून विचारलं, ईएन-आठ, मध्यम कार्बनचं पोलाद, या दरात बसतं कसं? साहेब म्हणाले, "टीसी जोडलेलं असतं ना? मग तुम्ही कशाला डोकं लावता?"

टीसी, म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट, जोडलेलं असायचं, खरं आहे. एकाच हीट नंबरचं (भट्टीतल्या एकाच ओताचं) टीसी लॉटमागून लॉट फिरायचं. त्या वर्कशॉपचा एक तुकडा मी ग्राइंडरला लावून ठिणगी पाहिली. ईएन-आठमध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास, ठिणगीला फाटे फुटतात. ही ठिणगी लांब, सरळ, फाटे जेमतेम. साधं माइल्ड स्टील. इंडक्शनला ते हवी तेवढी हार्डनेस धरतच नाही. पेटीच्या वरच्या थरात खरे पीस आणि खाली हा माल. ग्राइंडिंग झाल्यावर दोन्ही सारखेच चकाकतात, डोळ्यांना काही कळत नाही.

आम्ही दर कमी केला नाही, तरी काम कसंबसं चालू राहिलं. मग आमच्याच एका लॉटला हार्डनिंगवाल्याकडे गडबड झाली. कॉइल सरकली होती, शाफ्टच्या एका टोकाला पट्टा मऊ राहिला. मागितलेली हार्डनेस पन्नास ते पंचावन्न रॉकवेल, आणि त्या पट्ट्यावर काट्याने चाळीसही गाठली नाही. काकांनी लॉटला लाल टॅग लावला. तिकडे साहेबांची लाइन थांबायला आलेली. फोन आला : "बावन्न लिहा आणि गाडी भरा, बाकीचं मी बघतो." काकांनी सही केली नाही. मी करू शकलो असतो. मालकाची सही चाललीच असती. मी साहेबांना सांगितलं, पट्टा मऊ आहे, लॉट पुन्हा हार्डनिंगला पाठवतोय, उशीर होईल, आणि तसं लेखीही दिलं.

लेखी दिलं हेच त्यांना लागलं. त्यानंतर आमच्या मालात दोष सापडू लागले. पेटीवरचं लेबल वाकडं, तेल जास्त, चलनावर शिक्का पुसट. प्रत्येकाला डेबिट नोट, म्हणजे बिलातून कपात. मग ऑर्डर बंद, बिलं अडकली. कर्जाचे हप्ते थकले. चांगली पोरं एकेक करून गेली, त्यांना दोष नाही. शेवटी सिलिंड्रिकल ग्राइंडर विकावं लागलं आणि मध्यस्थाने ते नेमकं त्याच वर्कशॉपला दिलं. ज्या स्पिंडलचं बेअरिंग मी स्वतः निवडून बसवलं होतं, त्यावर आता माइल्ड स्टील चकाकू लागलं. हे मी विसरलेलो नाही, विसरायचा विचारही नाही.

त्या काळात दुकान उघडं राहिलं ते एका छोट्या पंप बनवणाऱ्या माणसामुळे. तोंडाचा फटकळ. दर विचारायचा नाही, आल्याआल्या आमचा रिजेक्शनचा लाल डबा पालथा करायचा. डबा रिकामा दिसला की म्हणायचा, "माल कुठे लपवला?" एकदा त्याने आमच्या पन्नास शाफ्ट ओव्हरसाइज म्हणून परत पाठवल्या आणि पैसे कापले. काका स्लिप गेज घेऊन त्याच्याकडे गेले. २५ च्या ठोकळ्यावर त्याचा मायक्रोमीटर एक शतांश मिलिमीटर जास्त दाखवत होता. दुसरा कोणी असता तर विषय बदलला असता. त्याने सगळ्या कामगारांना बोलावून त्यांच्यासमोर तो मायक्रोमीटर कपाटात बंद केला, कापलेले पैसे त्याच आठवड्यात चुकते केले आणि पुढच्या ऑर्डरची निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्यातून पगार झाले. काकांशी मात्र भांडणं तशीच चालू राहिली.

मधली वर्षं बरी गेली. ग्राइंडर पुन्हा घेतलं.

नवीन लोक भेटले की मी न विचारता सांगतो, इथेही सांगतो. खराब पीस घेऊन येणाऱ्याचा पगार कापू नका. कापलात की पुढचा खराब पीस चांगल्याच्या ढिगात जातो आणि तुम्हाला तो गिऱ्हाइकाकडून कळतो. पीसरेटवरच्या माणसाला त्याच्याच मालाचा रिपोर्ट भरायला लावू नका; तो लबाड असतो म्हणून नाही, त्याचं पोट त्या आकड्यावर असतं म्हणून. तपासणीवाल्याला प्रॉडक्शनच्या हाताखाली ठेवू नका. आणि लॉट अडकला तर त्याच दिवशी फोन करा, दोन दिवस विचार करत बसू नका. भिंतीवर प्रामाणिकपणाच्या पाट्या लावणारे मालक मी पाहिलेत. पाटीखालीच टीसीची झेरॉक्स चालू असते.

त्या वर्कशॉपचं पुढे काय झालं, असं लोक उत्सुकतेने विचारतात. काही झालं नाही. बुशवर (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीवर) शाफ्ट झिजल्याच्या तक्रारी आल्या, थोडा माल परत आला, आणि त्यांनी दुसरी गिऱ्हाइकं धरली. आज त्यांची इमारत आमच्यापेक्षा मोठी आहे. मोठ्या कंपनीने मात्र झीज मोजली, साहेब बदलले आणि नव्या माणसाने आमच्याकडे चौकशी पाठवली. झाल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही, जणू पहिल्यांदाच भेटतोय. आम्ही काम घेतलं. अट एकच घातली : हार्डनेस त्यांनी आमच्यासमोर, हार्डनेस ठाऊक असलेल्या आमच्या टेस्ट ब्लॉकवर मशीन पडताळून मोजायची.

जुनी बिलं अजून अडकलेलीच आहेत. दर तिमाहीला आम्ही त्यांना खातेउतारा पाठवतो, ती रक्कम पहिल्याच ओळीत टाकून. काका निवृत्त झालेत, पण उतारा पाठवायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घालायला येतात.